दुसऱ्या मजल्यावरचं रान

मंगळवारी दुपारी सगुणाचं रान पाहणीसाठी तालुक्याला नेलं. कृषी सहाय्यक पाटोळे आणि जीपचा ड्रायव्हर, दोघांनी ते खालच्या अंगापासून गुंडाळत वर आणलं, घोंगडी गुंडाळतात तसं. सगुणाचा दीर धोंडिबा मधे मधे हात लावत होता, कारण ओल्या मातीला वजन असतं. उंबराचं खोड बाहेर येत होतं, ते सुंभाने बांधून घेतलं. विहीर तेवढी नेली नाही. विहीर पाहणीत येत नव्हती.

सगुणाने हरकत घेतली नाही. मदत तिनेच मागितली होती. तिची जमीन डोंगरउताराची. दर पावसाळ्यात माती ओघळून ओढ्याला जायची आणि खालचा खडक उघडा पडायचा. नवरा होता तोवर दोघं मिळून ती माती पाट्यांनी परत वर आणत. तो गेल्यावर ती एकटीच आणायची. उताराला आडवे दगडी बांध घालायला सरकार हातभार लावतं असं कळलं, तेव्हा आता तरी हे माती वाहणं सुटेल असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने तालुक्याला गेली. कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या खोलीत रान पसरलेलं होतं. उतारही होता तसाच, खिडकीकडून दाराकडे. कारकुनांनी आपली टेबलं त्यावरच मांडली होती आणि डुगडुगू नयेत म्हणून पायांखाली दगड सारले होते. ते दगडही तिच्याच रानातले होते.

पाटोळे अदबीचा माणूस होता, चाळिशी उलटलेला. तालुक्याच्या कृषी अधिकारी मॅडम एकदा बघून गेल्या की रान लगेच परत पोचवतो, असं तो म्हणाला. तोवर लावणी खोळंबत असेल तर इथंच उरकून घ्यायला त्याची ना नव्हती. सगुणाने अंगणातला नाचणीचा तरवा उपटला, त्याच्या जुड्या बांधल्या आणि बसमधून आणल्या. दारापासून खिडकीपर्यंत तिने लावणी केली. ती जवळ आली की कारकून पाय वर घेत. ट्यूबलाइटखाली नाचणीने चांगलं मूळ धरलं.

मग एका संध्याकाळी ती गावी परतली तर रानाची जागाच सापडेना. खालच्या अंगाचा धोंडिबाचा बांध आणि वरच्या शेजाऱ्याचा बांध एकमेकांना भिडले होते. मधे खुरप्याचं पातं जाईना. विहीर दोन बांधांच्या मधे चपटी होऊन राहिली होती, आणि तिच्यात पोहरा उतरत नव्हता.

"वैनी, मी सरकवला नाही," धोंडिबा म्हणाला. "सकाळी आलो तर बांध आलेला होता."

त्याने तिच्यादेखत आपलं रान मोजून दाखवलं. ते वीतभरही वाढलं नव्हतं. सगुणाचा त्याच्यावर विश्वास बसला, आणि त्यामुळेच ती जास्त चिडली. भांडायला माणूसच उरला नाही.

तिने हे पाटोळेला सांगितलं. त्याने मान हलवली. जागा मोकळी असल्याशिवाय रान परत करता येत नाही, असं तो म्हणाला, आणि रान जागेवर असल्याशिवाय जागा मोकळी धरता येत नाही. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. नाचणीकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात वारा फिरला आणि पाऊस खिडकीतून आत यायला लागला. माती सुटली. टेबलांखालून ओघळ दाराशी आले, दारातून जिन्यावर, जिन्यावरून रस्त्याच्या गटारात. सगुणा खालून घमेल्याने माती भरायची, जिना चढायची, वर ओतायची. ओतलेली माती तिच्या आधी खाली पोचायची.

"बांध आत्ताच घाला की," ती पाटोळेला म्हणाली. "माती तर इथंच चाललीय."

"ताई, मदत डोंगरउताराला आहे. हा दुसरा मजला आहे."

असं म्हणून तो पँट दुमडून उंबऱ्यात बसला आणि दोन्ही हातांनी ओघळ अडवत राहिला.

शेवटी तिने स्वतःच दगड आणायला सुरुवात केली. गोणीत भरून बसमधून आणायची. कंडक्टर रोज कुरकुर करायचा. दाराच्या आत, उताराला आडवा, तिने गुडघाभर बांध रचला. सांधे दगडाच्या चिपांनी भरले, आणि माती थांबली. नाचणीची पडलेली रोपं पुन्हा उभी राहिली. एका कारकुनाने टेबलाखालचे दगडही काढून तिला दिले.

मॅडम आल्या त्या त्याच दिवशी. त्यांनी चपला काढून दारात ठेवल्या, बांधावर हात फिरवला, एक दगड हलवून बघितला. तो हलला नाही.

"काम फार छान झालंय," त्या म्हणाल्या. "पण मंजुरीच्या आधी केलेलं काम धरता येत नाही. हा काढून टाका. मंजूर झालं की असाच घाला."

कधी मंजूर होईल, हे सगुणाने विचारलं. पाहणी झाल्यावर, असं त्या म्हणाल्या. मग ही आत्ता झाली ती काय, असं तिने विचारलं. ही भेट होती, असं म्हणून मॅडम चपला घालून निघून गेल्या.

बांध पाटोळेनेच काढला, एकेक दगड, आवाज न करता. शेवटचा दगड निघाला तशी माती सरकली. सगुणाने पदर खोचला आणि बांध होता तिथंच, रानाकडे पाठ करून, दारात आडवी बसली. माती येऊन तिच्या पाठीला टेकली आणि थांबली. नंतर कमरेपर्यंत चढली. गार होती.

कार्यालय सुटायची वेळ झाली. कारकून तिला ओलांडून एकेक करत निघून गेले. पाटोळे कुलूप घेऊन दाराशी उभा राहिला. माती तिच्या खांद्याला आली होती आणि मानेशी नाचणीचं एक पातं हलत होतं. तिच्या पुढ्यातला जिना मात्र कोरडा, झाडल्यासारखा होता.

"ताई, उठा आता," तो म्हणाला.

तिने मान हलवली नाही. हलवली असती तर माती सुटली असती.

पाटोळेने कुलूप जिन्याच्या पायरीवर ठेवलं, बूट काढले आणि तिच्या शेजारी, दाराच्या चौकटीला खेटून बसला. तिच्या कोपरापाशी अजून फट होती.