दारावरचे थर

लग्न होऊन नदीकाठच्या त्या गावात आल्यावर पाच महिन्यांत इस्क्राची गावातल्या बहुतेक मेलेल्यांशी ओळख झाली होती. जिवंतांशी व्हायची होती. माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि दोन तारखा छापलेला कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडांवर लागतो. चाळिसाव्या दिवशी नवा लागतो, पुढे दर वर्षी नवा. ती आली त्या सोफिया शहरातही हे होतंच, पण तिथे घाईत कुणी वाचत नसे. इथे लोक पाव आणायला जाताना वाचत. तिच्या सासरच्या दारावर तर बारा वर्षांपूर्वी गेलेल्या सासऱ्यांचे कागद एकावर एक चिकटून एवढा जाड थर झाला होता, की दार लोटताना त्याची कड चौकटीला घासायची.

नवरा ट्रक घेऊन जर्मनीत, घरात सासूबाई वासिल्का आणि भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास. इस्क्रा जिल्ह्याच्या साप्ताहिकात लिहायची, आणि सध्या ती एकाच मुलीवर लिहीत होती: नेवेना, एकोणीस वर्षांची, बेकरीत कामाला. अकरा वर्षांपूर्वी अकरा ऑक्टोबरला दुपारची पाळी संपवून निघाली ती घरी पोचलीच नाही. प्रेत सापडलं नाही, म्हणून तारीख नाही. तारीख नाही, म्हणून कागद नाही, आणि आत्म्यासाठी वाटायचे साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहूही नाहीत.

चौकीतला अंमलदार दर वेळी "गुरुवारी या" म्हणायचा. असे सात गुरुवार झाले होते. संपादक म्हणायचा, "बाई, शेवट नसलेली गोष्ट वाचकांनी किती आठवडे वाचायची?" आणि ज्या आईसाठी हे सगळं चाललं होतं, ती त्सोन्कामावशीसुद्धा तिच्या बाजूने नव्हती.

"कुणी मारलं ते तुझं तू शोध," मावशी म्हणाली होती. "मला फक्त तारीख आणून दे. अकरा वर्षं गव्हाचं पोतं कोपऱ्यात ठेवलंय मी. उंदीर मेले माझे लठ्ठ होऊन."

इस्क्राने शब्द दिला होता. देताना तो सोपा वाटला होता.

चौदा ऑक्टोबरला सकाळी बसथांब्यावर कागद लागला. 'नेवेनाविना अकरा वर्षे.' फोटोत बेकरीचा पांढरा रुमाल बांधलेली मुलगी हसत होती. जन्माची तारीख बरोबर होती. मृत्यूची होती चौदा ऑक्टोबर.

म्हणजे नाहीशी झाल्यावर नेवेना तीन दिवस जिवंत होती, आणि ते कुणाला तरी ठाऊक होतं.

ती धावत चौकीत गेली. अंमलदाराने कॉफी ढवळत मान वर केली. "घरच्यांनी कागद लावला ना? मग मिटलं की."

"घरच्यांनी नाही लावला! ज्याने लावला त्याला—"

"गुरुवारी या."

मावशी तर तिच्या गळ्यातच पडली. "पोरी, किती उपकार झाले तुझे."

"मावशी, मी नाही लावला तो."

"बरं, बरं. नको सांगूस." आणि तिने गहू भिजत घातले. इस्क्राला ओरडावंसं वाटलं. एवढा मोठा धागा हाताला लागला होता, आणि सगळं गाव त्याची घडी घालून कपाटात ठेवायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी, पंधराला, ती छापखान्यात गेली. सकाळपासून थंडी होती, म्हणून सप्टेंबरात सासूबाईंनी दिलेला जुना तपकिरी कोट तिने चढवला होता. म्हातारा पेन्को चष्म्यावरून बघत म्हणाला, "काय झालं? चुकलं का काही?"

"नेवेनाचा कागद कुणी छापून घेतला, काका?"

पेन्को हसला. "थट्टा करतेस होय म्हाताऱ्याची? तूच की. वासिल्काची सून. दर वर्षी येतेस. एरवी एकच सांगतेस, यंदा दोन सांगितलेस."

"माझं लग्न मे महिन्यात झालंय."

"असेल बुवा," तो समजुतीने म्हणाला. "तू ऑक्टोबरात येतेस. याच कोटात."

त्याची नजर अधू झाली असावी, कोटामुळे त्याने सासूबाईंनाच सून समजलं असावं, असं ती रस्ताभर स्वतःला सांगत राहिली. पण पेन्को आणि सासूबाई एका वर्गात होते, आणि तो त्यांना पाठमोऱ्यासुद्धा ओळखायचा. घर आलं. सासूबाईंनी सकाळीच सासऱ्यांचा यंदाचा कागद लावला होता. पायरीवर खळीचं भांडं तसंच होतं. सासूबाई मागे अंगणात मिरच्या सोलत होत्या.

दोन छापले. एक बसथांब्यावर. दुसरा?

इस्क्राने ओल्या कागदाचा कोपरा नखाने उचलला. सासरे अलगद वर आले आणि खालून पांढरा रुमाल बांधलेली नेवेना हसली. तिच्याखाली गेल्या वर्षीचे सासरे, त्यांच्याखाली पुन्हा नेवेना, 'दहा वर्षे'. जाड कडेतून नख घालत ती खाली खाली जात राहिली; सासरे, नेवेना, सासरे, नेवेना; आणि खूप आत, पिवळा पडलेला, 'चाळीस दिवस'. नेवेनाच्या प्रत्येक कागदावर चौदा ऑक्टोबर. अकरा वर्षं हे दार ती तारीख पोटात घेऊन उघडमीट करत होतं.

हाच पुरावा. हे दार उखडून चौकीत नेऊन आपटायचं, गुरुवारची वाट न बघता.

फाटक वाजलं. त्सोन्कामावशी, काळा रुमाल बांधून, दोन्ही हातांत गव्हाचं पातेलं धरून आत येत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडलेला दिसत होता.

"काय करतेस गं दारात?"

बोलायला इस्क्राने तोंड उघडलं, पण हात आधी हलले. बोटं खळीत बुडली, नेवेनावर सासरे सरळ बसले, आणि तळवा मधून कडांकडे, मधून कडांकडे फिरत गेला, हवेचा एक फुगाही मागे न ठेवता. इस्क्राने आयुष्यात दारावर कागद चिकटवला नव्हता.

मावशी शेजारी येऊन क्षणभर कौतुकाने बघत राहिली, मग तिने चमचाभर गहू इस्क्राच्या खळीने माखलेल्या तळव्यावर ठेवले.

"छान बसवलास," ती म्हणाली. "हात अगदी सरावलाय गं तुझा."