मला मारल्यानंतरचा देखावा

मित्रांनो, मी सांगलीच्या एका गणेश मंडळाचा फायबरचा शार्क आहे. समुद्र मी कधी पाहिलेला नाही. कुपवाडच्या एका कारखान्यात, पाण्याच्या टाक्यांच्या गर्दीत शमशेरभाईंनी मला घडवले. शेपटी पहिल्यांदा हलली तेव्हा भाई स्वतःच हरखून गेले.

मंडळाला यंदा प्रवाळ बेटाचा हलता देखावा करायचा होता. विषय क्रांतीताईंनी सुचवलेला. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांनी सगळ्यांना समजावले, की शार्क मधल्या आकाराच्या शिकारी माशांना आवरतो, म्हणून शेवाळ खाणारे छोटे मासे टिकतात आणि प्रवाळाला उजेड मिळतो. म्हणजे मी त्या बेटाचा राखणदार! फायबरची असली तरी माझी छाती फुगली.

पण मंडळाचे अध्यक्ष दादासो यांना ते पटेना. "आवं ताई, लय झ्याक हाय. पर शेवटाला कुणीतरी मराय नको व्हय? त्याबिगर लोकं टाळ्या वाजवत न्हाईत. शार्कलाच मारूया."

आमच्या देखाव्यात दरवर्षी शेवटी राक्षस मरतो. यंदा राक्षस नव्हता, म्हणून मला केले. जबड्याला लाल रंग फासला. मला अशी चीड आली म्हणून सांगू!

ताई पुष्कळ भांडल्या. शेवटी म्हणाल्या, "मारा. पण शार्क मेल्यावर बेटाचं काय होतं, तेही दाखवायचं."

दादासोंनी मान डोलावली. भाईंनी कारागिरी पणाला लावली. मी मेलो की मधले मासे वाढत, छोटे मासे नाहीसे होत आणि शेवाळाचे हिरवे कापड हळूहळू सगळ्या प्रवाळावर चढे.

पहिल्या संध्याकाळी रस्ता माणसांनी भरला होता. देखाव्यातल्या पाणबुड्याने भाला मारला, मी उलटा झालो. टाळ्या, शिट्ट्या! मग स्पीकरवर ताईंचा आवाज आला, "आता पाहा, शार्क गेल्यावर..."

"चला रं, फुडच्या मंडळाला जाऊ!" गर्दीतून कोणीतरी ओरडले, आणि सगळ्यांनी पाठ फिरवली.

विसर्जनापर्यंत प्रत्येक खेळाला हेच झाले. दादासो खूश. मी पोट वर करून पडलेला, आणि ताईंचा आवाज रिकाम्या रस्त्याला समजावत राहायचा. गुदमरणारे बेट पाहायला भाई आणि ताई, एवढेच उरायचे. इतका राग कधी आला नव्हता, आणि इतके वाईटही कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, मला पुढच्या खेळासाठी पुन्हा सरळ करतात. समुद्रातला शार्क मेला की मेला. तेव्हा टाळ्या वाजवायच्या तर वाजवा, पण लगेच निघू नका. ताईंचे बोलणे अजून संपलेले नसते.