कुंकू लागलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. लोक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात, मी डोळे खुपसते. तोक्योतल्या एका छोट्या कारखान्यात माझी भिंगे घासली गेली. शेजारच्या कावासाकी शहरातल्या मोरितासानांनी मला गळ्यात अडकवले ते कित्येक वर्षे काढलेच नाही. शरद ऋतूत तामा नदीच्या मुखाशी उत्तरेकडून पाणपक्षी उतरत. बदके, पाणकावळे, पाणडुब्या, सगळ्यांच्या घरच्या भानगडी मला ठाऊक. 'अबी' मात्र क्वचितच दिसे. हा समुद्रावरचा पक्षी, वारा फार झाला तरच नदीत शिरतो. इथे बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. मधल्या वेळात तो पाण्याखाली काय करतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

पुढे मोरितासानांचे गुडघे दुखू लागले आणि मी कपाटात गेले. दमट हवेत भिंगांना बुरशी लागेल या भीतीने मी अर्धी झाले. तेवढ्यात वरच्या मजल्यावर मुंबईहून बँकेच्या नोकरीवर आलेला शिरीष, त्याची बायको सुलेखा आणि त्यांची लेक उत्तरा राहायला आली. उत्तराचे प्रश्न संपता संपत नसत. मोरितासानांनी मला तिच्या हाती दिले.

"वापरायला देतोय, उत्तराचान. जप हं. आणि यंदा अबी आला, तर मला येऊन सांग."

मग दसरा आला. सुलेखाने पाटावर लॅपटॉप, सायकलची किल्ली आणि मला मांडले. हळदकुंकू वाहिले, ते नेमके माझ्या भिंगांवर! माझी पूजा जन्मात कोणी केली नव्हती. अंगावर मूठभर मांस चढले. पण उत्तराने ते कुंकू कोरड्या बाहीने खसाखसा पुसले आणि माझ्या डाव्या डोळ्यावर ओरखडे उठले. करायला गेले गणपती, झाला मारुती.

थंडी पडू लागली. एका रविवारी, सोसाट्याच्या वाऱ्यानंतर, बापलेक नदीवर गेले. दूर एक करडा पक्षी दिसला आणि बुडाला. माझ्या डाव्या डोळ्यातून सगळे धुरकटच.

"बदक असेल गं. चल आता," शिरीष म्हणाला.

"चिगाऊ! चूक! बदक नाहीये, बाबा, थांब ना!"

उत्तराने डावा डोळा मिटला. पक्षी वर आला. पांढरा गळा, किंचित वर उचललेली टोकदार चोच.

"अबी!" ती ओरडली, आणि लगेच माझ्या डाव्या भिंगाकडे पाहू लागली. ही बातमी सांगायची म्हणजे माझे ओरखडेही दाखवायचे. मग मी तिच्याकडे कशी राहणार? मलाही रडू यायचेच बाकी होते.

घरी येऊन तिने आईला सगळे सांगून टाकले. संध्याकाळी सुलेखा उत्तराला आणि मिठाईचा खोका घेऊन मोरितासानांच्या दारात वाकून उभी राहिली. "चूक माझी आहे. दसऱ्याला आम्ही कामाच्या वस्तूंची पूजा करतो, त्यात..."

त्यांनी मला उजेडात धरले. त्यांना वाईट वाटले, हे मी अगदी जवळून पाहिले.

"पूजा इतकी मनापासून, आणि पुसताना एवढी घाई?" ते म्हणाले. अबी दिसल्याचे उत्तराने हळूच सांगितले, तसे ते तिच्याकडे वळले. "चोच कशी होती?"

उत्तराने हनुवटी जराशी वर उचलून दाखवली. म्हातारबुवा खुदकन हसले. "अबीच तो! उद्या सुट्टी आहे. मलाही न्या."

दुसऱ्या दिवशी ते शिरीषच्या खांद्यावर हात टाकून बांधावर आले. अबी होता. माझ्या उजव्या डोळ्यातून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. उत्तराने मला खालून आधार दिला. निघताना त्यांनी मला तिच्याच गळ्यात घातले. "चल, भिंग पुसायचे कसे, ते शिकवतो."

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, मला ती फार आवडली. पण आधी फुंकर घालून धूळ उडवा, मग मऊ कापडाने हलके पुसा, आणि आम्हांला कपाटात कोंडू नका. ओरखडा उठायला क्षणही लागत नाही. माझा डावा डोळा मात्र आता कुठलाच पक्षी नीट पाहणार नाही.