पेटीतला पेंढा

ता. १७ ऑक्टोबर १९४३, रविवार. शिराळ्यात सकाळी दाट धुकं. वारा अजिबात नाही. धुकं विरल्यावर ऊन पडलं, ते दिवसभर कडक राहिलं.

मी सायकल बोलतेय. वारणेच्या घळीत एका जांभळीला टेकून उभी आहे. माझं मागचं चाक पिळवटलंय, टायर फाटलाय आणि त्यातून पेंढा बाहेर लोंबतोय. कॅरियरवर बांगड्यांची पेटी तशीच बांधलेली आहे. तिचा मालक मला सोडून वर पळत गेला, त्याला बराच वेळ झाला. तो येईपर्यंत मी माझी हकिगत सांगते.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून मुंबईला उतरले. विट्याचे लालासाहेब परमुलखात गलाईचा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा, धंदा करायचे. गावी परतताना त्यांनी मला बरोबर आणलं. त्यांना मी बसण्यासाठी नको होते, दाखवण्यासाठी हवी होते. सणावाराला तेल लावून मला ओसरीवर उभी करायचे आणि पाहुण्यांसमोर घंटी वाजवायचे. पुढे ते धंद्याला परत गेले आणि घरच्यांनी मला विकून टाकलं.

अशी मी शिराळ्याच्या याकूब मणेराकडे आले. चाळिशी उलटलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. डोंगरातल्या वाड्या हिंडून बायकांना बांगड्या भरणं हा त्याचा धंदा. त्याच्याकडे आल्यावर मला चाकं कशासाठी दिली आहेत ते कळलं.

कोंडवाडीचा गाडीरस्ता डोंगराला लांब वळसा घालून जातो. आमची वाट मात्र नदीकाठाने, थेट घळीतून. या वाटेवर बैलगाडी शिरत नाही, मोटार तर नाहीच. शेरडं, मोळीवाल्या बाया आणि मी. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला खाली वारणेचं हिरवं पाणी. उतारावर याकूब पाय मोकळे सोडायचा आणि माझ्या आऱ्यांतून वारा गात सुटायचा. चढ आला की तो उतरायचा आणि माझ्या मुठीवर हात ठेवून शेजारून चालायचा. माघारी येताना दोन-चार दगड कडेला लोटायचे, ही त्याची रीत. वर्षानुवर्षं लोटलेल्या त्या दगडांनीच पायवाटेची सायकलवाट झाली.

त्याची आणखी एक रीत होती. बांगडी भरताना एखादी फुटली, तर तिचे तुकडे तो कधी खाली टाकायचा नाही. वाटेवर, अंगणात बाया अनवाणी चालतात. तो तुकडे वेचून पेटीतल्या पेंढ्यात खोचायचा आणि घरी गेल्यावर उकिरड्यात पुरायचा.

कोंडवाडीत बनुबाईच्या ओसरीवर त्याचं पहिलं ठाणं असायचं. बनुबाईचा मुलगा नाथाजी पलटणीत, समुद्रापलीकडे लढाईवर. घरात ती आणि सून अंजना. अंजनाचा हात भरून झाला की ती वाकून याकूबच्या पाया पडायची. मणेराच्या पाया पडायची पद्धतच आहे, पण याकूब दर वेळी लाजायचा.

"काकी, तुमच्या सुनंचा हात लय बारीक. दुसरं कुनी भरलं तर निम्म्या फुटत्याल."

"मग दुसऱ्याला बलवतंय कोन?" बनुबाई म्हणायची. "पर तुजी ती घोडी आदी अंगनातनं काड. माजी म्हस बुजती तिला."

"म्हस न्हाई बुजत, आत्या," अंजना हसायची. "तुमीच बुजताय घंटीला."

ते दिवस गेले. लढाई वाढली. हिवतापावरचं कोयनेल ज्या मुलखातून यायचं आणि रबर ज्या मुलखातून यायचं, ते दोन्ही जपान्यांनी घेतले. पेट्रोल नाही म्हणून कोंडवाडीच्या फाट्यापर्यंत येणारी मोटार बंद पडली. माझ्या ट्यूबवर ठिगळावर ठिगळ चढलं. आणि पाऊस सरताच घळीतल्या वाड्यांत हिवतापाने एकही घर सोडलं नाही.

काल शनिवारी आम्ही दिवाळीच्या बांगड्या घेऊन वर गेलो. ओसरीवर एक बाई नाही. आत अंजना घोंगड्याखाली कापत होती. एकाआड एक दिवस थंडी येत होती आणि आता शुद्ध हरपत होती. तडफडताना बाजेच्या लाकडी गातावर हात आपटून तिच्या बांगड्या फुटल्या होत्या. याकूबने पेटी उघडली, तुकडे वेचले, पेंढ्यात खोचले. नवा चुडा काढायला गेला, तर बनुबाईने त्याचं मनगट धरलं.

"चुडा मागनं भर रं, याकूबा. आदी कोयनेल आन. पोराला मी काय तोंड दावू?"

"उद्या मावळतीच्या आत आनतो, काकी. त्याबिगर तिचा हात भरनार न्हाई."

उतरताना माझ्या मागच्या चाकाची ट्यूब फुटली. ती शेवटची. तो मला ढकलत रात्री उशिरा शिराळ्याला आला आणि पेटी न उघडताच आडवा झाला.

आज सकाळी दवाखान्याच्या दारात गर्दी उसळली होती. मी भिंतीला टेकून पाहत होते. याकूबचा नंबर लागायला दुपार होत आली. कंपाउंडरने कागदात सहा गोळ्या बांधून दिल्या.

"एवढंच? डोंगरात घराघरात माणसं पडल्यात, सायेब."

"मागनं येणाऱ्याला तेवढंबी न्हाई, भाई. जा लौकर."

बाजारात ट्यूब नव्हती. चालत गेला असता, तर घळीतच अंधार पडला असता. टायरात पेंढा ठासून सायकल चालवणारे या दिवसांत पुष्कळ होते. आसपास पेंढ्याची गंजी नव्हती आणि शोधायला वेळ नव्हता. याकूबने कॅरियरवरची पेटी उघडली. बांगड्या पंच्यात गुंडाळून पेटीत परत ठेवल्या आणि सगळा पेंढा मूठ-मूठ करून माझ्या मागच्या टायरात ठासला. एरवी काचेचा कणही न सांडणारा माणूस, पण आज त्याच्या डोळ्यांपुढे एकच कागदाची पुडी होती.

आम्ही निघालो. मऊ मातीवर ठीक चाललं. घळीच्या तोंडाशी खडक लागला तसं मला आतून टोचू लागलं. प्रत्येक धक्क्याला त्याचं वजन माझ्यावर, माझं पेंढ्यावर, आणि पेंढ्यातलं काहीतरी टायरच्या जुन्या कापडावर. माझ्याकडे फक्त घंटी. खडकावर ती आपोआप खणखणली, पण तिला कोण विचारतंय?

जांभळीखालच्या वळणावर टायर उभा फाटला. याकूब पडला, उठला, मला तशीच ढकलू लागला. चाकाची लोखंडी धाव दगडावर आपटून चाक पिळलं. तेव्हा त्याने फाटीत बोट घातलं. बोट रक्ताळून बाहेर आलं आणि त्यासोबत हिरव्या काचेचा तुकडा. त्याने तो उन्हात धरून पाहिला. आपण कालच वेचलेला तुकडा त्याला ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

"या अल्ला, म्याच भरलं ह्ये," तो म्हणाला.

त्याने पुडी चाचपली, मला झाडाला टेकवलं आणि तो धावत सुटला. धावताना दोनदा ठेचकाळला. मग कडा आड आला.

तेव्हापासून मी वाटेकडे पाहतेय. वर जाणारा प्रत्येक चढ मला पाठ आहे. माझी चाकं धड असती, तर तो केव्हाच पोचला असता. ऊन कड्यावर चढलं. नदी आपली वाहतेय. कोंडवाडीचं मसण इथून खाली, पाण्याकाठी आहे. वरून कोण येतंय, याच्यावर सगळं अवलंबून आहे. एकटा याकूब हसत आला तर मी गंजत पडले तरी चालेल.

याकूब आला. बरोबर बनुबाईचा शेजारी आकाराम. दोघं सावकाश उतरत होते. याकूबने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पेटीची दोरी सोडली.

"सगळी पेटी कशाला, याकूबभाई?" आकाराम म्हणाला.

"हिरव्याच घेतो. काकी म्हनती, माज्या घरातनं सवाशीण मोकळ्या हातानं जायची न्हाई."

"मग चल गड्या. हात ताठायच्या आत."

"ताठला तरी भरीन. एक फुटू देनार न्हाई. तिचं माप माज्या बोटांत हाय."

त्याने हिरवा चुडा पंच्यात घेतला. जाता जाता वाटेवर पडलेला माझा पेंढा त्याने गोळा केला, बोटांनी चाचपून काच वेगळी केली, कडेला खड्डा उकरून पुरली आणि वरून दगड ठेवला. मग ते गेले.

वाचणाऱ्यांनो, माझी विनंती थोडी आहे. मला दुरुस्त केलं नाही तरी चालेल, नवं रबर कुठून आणणार? पण लढाई संपून नाथाजी परतला, तर तो याच घळीतून येईल. जांभळीखाली जुनी सायकल पाहून कुणाला काही विचारेल. त्याला सांगा, वाट चांगली होती. माणूस तर त्याहून चांगला होता.

मागाहून मोळीवाल्या बायांच्या बोलण्यातून कळलं, अंजना दुपार कलताना, याकूब वाडीत पोचण्याआधी गेली. सहाही गोळ्या तापाने पडलेल्या आकारामच्या बायकोला, रंगूबाईला दिल्या. तिचा ताप चौथ्या दिवशी उतरला.