यादीतलं पहिलं नाव

साळुबाईला कोणी मागं बस म्हणावं आणि तिनं बसावं, हे काही व्हायचं नव्हतं. आळेफाट्याच्या अलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत ती राहायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या वावरात कांदे काढायची आणि रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसायची. तिथं तिला कोणी ‘ए बाई’ म्हणत नसे. गावात मात्र अजून वरून ओंजळीत पाणी ओतत. आज्यानं बाप्तिस्मा घेतल्याला साठ वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी हे महारच. सरकारच्या लेखी नाही! बाप्तिस्मा घेतला की जात गेली, जात गेली की सवलत गेली. म्हणजे अपमान तेवढा ठेवायचा आणि हक्क सोडायचा. आहे की नाही न्याय?

तिची लेक आशा यातून कशीबशी निसटली होती. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं ना सवरलं, ‘हिंदू महार’ लिहून टाकलं. त्याच दाखल्यावर तिला डी.एड.ला राखीव जागा मिळाली. वस्तीत घरोघरी असंच होतं, भिंतीवर येशूची तसबीर आणि पेटीत हिंदू दाखला. पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. आशा मास्तरीण झाली की आईचे कांदे सुटणार, एवढ्यावर दोघींचा जीव टांगलेला होता.

शहाण्णव साली चर्चला शांतवन पाळक आले. आधीचे पाळक स्वर्गात भाकरी मिळेल म्हणायचे, हे म्हणाले, इथंच मिळाली पाहिजे. नवबौद्धांना सवलत मिळाली, मग आपल्याला का नाही? त्यांनी सरकारला निवेदन द्यायचं ठरवलं. नाव, मूळ जात, बाप्तिस्म्याचं साल आणि सही. त्या रविवारी त्यांनी पेत्रानं जिवाच्या भीतीनं प्रभूला तीनदा नाकारलं तो उतारा वाचला आणि बायका डोळे पुसू लागल्या. उपासना संपल्यावर टेबल मांडलं. दिवाळीच्या सुट्टीला आलेल्या आशाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून यादी लिहायला तिलाच बसवली.

आशानं एकेचाळीस नावं लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. साळुबाईनं विचारलं, आपलं कुठंय? आशा हळूच म्हणाली, “आई, तुझं घालते. माझं राहू दे. माझा दाखला येगळा हाय.”

“परभूसमोर नाव चोरतीस व्हय?” साळुबाई सगळ्यांदेखत म्हणाली. “पयलं तुझं लिव्ह.”

आशानं वरच्या मोकळ्या जागेत स्वतःचं नाव लिहून सही केली. पाळकांनी साळुबाईला हात जोडले आणि तिचा ऊर भरून आला. बाकीच्या घरांनी फक्त म्हाताऱ्यांची नावं दिली होती, शिकणारं एकही पोर यादीत नव्हतं. हे या बाईच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या हिशेबी एक कागद देवाचा आणि एक शाळेचा, दोन्ही एका टेबलावर कशाला येतील?

फेब्रुवारीत आले. निवेदनाची प्रत जिल्ह्याच्या ऑफिसात गेली होती, तिथं कोणीतरी यादी वाचली. दाखला रद्द, प्रवेश रद्द. पुरावा म्हणून आशाचंच मोत्यासारखं अक्षर.

पाळक बिचारे दोनदा ऑफिसात जाऊन भांडले. या मायलेकी ख्रिस्ती नाहीत असं लिहून आणा, असं तिथं सांगितलं. पाळक दिवसभर नुसते बसून राहिले आणि संध्याकाळी रडत रडत तसं लिहून दिलं. दोघींची नावं चर्चच्या सभासदांच्या वहीतून खोडली. साळुबाईनं ती चिठ्ठी ऑफिसात नेली, कारकुनानं उलटसुलट पाहिली. “बाई, दिवाळीत ख्रिस्ती म्हणून सही केली, आता नाही म्हणता. खरं काय धरू?” त्यानं चिठ्ठी परत दिली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. वहीत नाव नाही त्याला भाकर देता येत नाही, आणि नाव परत घालायचं तर चर्चची पंचकमिटी बसायला हवी. पहिल्या ओळीतल्या साळुबाईसमोरून ताट पुढं गेलं. प्रवचनात पाळकांनी सांगितलं की सवलतीच्या मागणीसाठी पुण्यात भरलेल्या सभेत त्यांनी आशाची हकिगत मांडली, लोक हेलावले, ठराव झाला. साळुबाईला वाटलं, उठून त्यांच्या गळ्याला धरावं. पण त्या भल्या माणसाचं काय चुकलं तेही तिला सांगता येईना. लेकीचा गळा आपणच कापला, हे तिला पक्कं कळत होतं.

ती घरी आली तेव्हा आशा कॉलेजातून आणलेली पेटी उघडून बसली होती. साळुबाई उंबऱ्यातच खाली बसली. “माज्यामुळं झालं गं,” म्हणाली. पोरीनं एकदा तरी शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटत होतं.

आशानं चांगल्या दोन साड्या बाजूला काढल्या आणि आईचं जुनं लुगडं झटकून पाहिलं.

“आई,” तिनं विचारलं, “उद्या कुणाच्या वावरात जायचंय?”