मावशींनी सांगितलेलं पथ्य

मावशींनी नव्वदी ओलांडली आणि त्यांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. तोवर त्या सुखात होत्या. जन्मभर एका नाटक कंपनीत पडद्यामागे बसून त्यांनी नटनट्यांचे कपडे शिवले, नवरा गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहिल्या, आणि लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीचा जिना रोज चढल्या-उतरल्या. कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. पण वाढदिवसाला वर्तमानपत्राने फोटो छापला, खाली ‘ठणठणीत नव्वदी’ असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात माणसं उभी.

“मावशी, खरं सांगा, गुपित काय?”

“गुपित कसलं डोंबलाचं? मेले नाही, एवढंच.”

माणसं हसायची, पण जाताना खट्टू व्हायची. जिन्यातली कुजबुज मावशींच्या कानावर आली, “लपवतात हो. सांगायचं नाहीये त्यांना.” मावशींचे कान अजून शाबूत होते, हीच इमारतीची खरी पंचाईत होती.

मग एके दिवशी वरच्या मजल्यावरचा विमा एजंट आला. हा गडी भल्या पहाटे बूट चढवून, फोनवर ओरडत खोलीभर येरझारा घालायचा. मावशींच्या डोक्यावरून रोज घोडदळ जायचं. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, “मावशी, तुमच्यासारखं जगायचं तर मी काय करू?”

मावशींनी एकदा छताकडे पाहिलं.

“घरात अनवाणी राहायचं,” त्या सावकाश म्हणाल्या. “तळपायाला जमीन लागली पाहिजे. आणि उठल्यावर ऊन येईपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही. फुप्फुसं रात्रभर दमलेली असतात.”

दुसऱ्या दिवशी मावशींना उन्हं अंगावर आल्यावर जाग आली. कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती. थापेची चटक लागायला एवढं पुरे होतं.

पुढचा आला तो पहिल्या मजल्यावरचा रंगाचा व्यापारी. तो आपली गाडी थेट जिन्याच्या तोंडाशी लावायचा, त्यामुळे मावशींना पिशवी डोक्यावर धरून तिरकं होऊन आत शिरावं लागे. त्याला सांगितलं, “गाडी पुलापलीकडे ठेवायची आणि तिथून चालत यायचं. येताना हातात थोडं वजन हवं, त्याने हाडं टिकतात.”

“कसलं वजन?”

“कसलंही. माझे बटाटे आणलेत तरी चालेल.”

शेजारी दोघं नवरा-बायको, दोघंही शिक्षक. दिवसभर मुलांवर ओरडून उरलेला आवाज ते जेवताना एकमेकांवर खर्च करायचे, आणि मधली भिंत पापडासारखी. त्यांना मावशींनी सांगितलं की प्रत्येक घास पाण्यासारखा पातळ होईपर्यंत चावायचा. चावताना बोललं की हवा पोटात जाते. आणि जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं, कारण अंधार पडला की आतडी झोपतात. अंधार पडल्यावर मावशींचं रेडिओवरचं आवडतं नाटक लागायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

गंमत अशी की सगळ्यांना गुण आला. व्यापाऱ्याला पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. मास्तरांची जळजळ थांबली. एजंटाचं सकाळचं डोकं दुखणं गेलं. तिघांनी फळांची टोपली आणून दिली, तेव्हा मावशी जरा चपापल्या. त्या दिवशी त्यांनी स्वतःही घास पाण्यासारखा चावून पाहिला. तिसऱ्या घासाला जबडा दुखला, तेव्हा उरलेलं जेवण नेहमीसारखं गिळलं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मावशींची मोठी बहीण राहायला आली.

थोरली पंच्याण्णवची. जन्म गेला नाटकाच्या तिकीटखिडकीत, त्यामुळे आवाज खणखणीत. उन्हं डोक्यावर आली की उठायची, पावावर बोटभर जाड लोणी थापायची, त्यावर साखर पेरायची आणि चहात बिस्किटं बुडवत दुपार करायची. बटाटे घेऊन आलेल्या व्यापाऱ्याने दारातून हे पाहिलं आणि त्याच्या हातातली पिशवीच गळाली.

“आजी, तुमचं वय?”

“पंच्याण्णव.”

“आणि हे असं... चालतं?”

“चालायला कशाला हवं? मी बसून खाते.”

बातमी जिन्याने वरही गेली आणि खालीही गेली. पंच्याण्णव म्हणजे नव्वदीपेक्षा मोठं, आणि मोठ्यांचं ऐकावं! आठवडा उलटायच्या आत वर घोडदळ परतलं, गाडी जिन्याच्या तोंडाशी आली, आणि शेजारचं भांडण पुन्हा सुरू झालं, तेही आता तोंडात घास ठेवून.

“ताई, तू माझं राज्य बुडवलंस,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता थोरलीला हसू अनावर झालं, चहाचा ठसका लागला. डोळे पुसत ती म्हणाली, “अगं भवाने! मग आता?”

“आता तू जिना चढायचा नाहीस.”

“का? मला चांगला चढता येतो.”

“ते कुणाला ठाऊक आहे? आलीस तेव्हा जिन्यात चिटपाखरू नव्हतं, आणि आल्यापासून तू घराबाहेर पडली आहेस का?”

थोरलीने बशी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “उचलून नेतील म्हणतेस?”

“खुर्चीसकट.”

सुट्टीच्या दिवशी थोरली हाताच्या खुर्चीत, पायांवर शाल घेऊन, दारात विराजमान झाली. “पोरांनो, जरा बागेत न्याल का मला? लोणी खाऊन खाऊन पायांचंही लोणी झालंय.” नाही कसं म्हणणार? एजंट, व्यापारी आणि मास्तर, तिघांनी खुर्ची उचलली. खाली पोचल्यावर तिला आठवलं की चष्मा वर राहिला. चष्मा आणल्यावर बागेत वारा जास्त वाटला. वर आल्यावर वाटलं की वारा तसा बरा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला दुकानं बघायची होती.

परतताना दुसऱ्या मजल्यावर व्यापाऱ्याने खुर्ची टेकवली आणि स्वतः पायरीवरच बसकण मारली. त्याच्या छातीचा भाता झाला होता.

“आजी, तुम्ही कधीपासून... चालत नाही?”

“कुणाला आठवतंय? मनाला येईल ते खाल्लं, मनाला येईल तेव्हा झोपले. जगले की भरपूर! फक्त कुणीतरी उचलायला लागतं.” तिने तिघांकडे मायेने पाहिलं. “तुम्हीही जगाल. घरची माणसं दणकट आहेत ना?”

व्यापाऱ्याने कंबर चोळली. तेवढ्यात खालून मावशी आल्या, हातात भाजीची पिशवी. “जरा सरकता का?” म्हणत त्या खुर्चीला वळसा घालून टकाटका वर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे छत गप्प होतं. जिन्याच्या तोंडाशी गाडी नव्हती. संध्याकाळी भिंतीपलीकडून फक्त चमच्यांचा आवाज आला.

पण एका दुपारी घोटाळा झाला. आजींचे पाय गेलेत हे ऐकून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आपणहून बघायला आल्या. सगळे कामावर, जिना रिकामा. डॉक्टरीणबाई दुसऱ्या मजल्यावर जरा दम खायला थांबल्या, तर मागून पंच्याण्णव वर्षांची एक बाई बिस्किटांचा पुडा काखोटीला मारून, गुणगुणत वर आली. दोघींची नजरानजर झाली. थोरलीने ओठांवर बोट ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंचा हात धरून त्यांना वर आणलं.

स्वयंपाकघरात सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरीणबाई कडक आवाजात म्हणाल्या, “ही शुद्ध फसवणूक आहे.”

“आहे,” मावशी म्हणाल्या आणि चहा पुढे केला.

“त्या रंगवाल्याला मी वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतेय, चाला, चाला. माझं का नाही ऐकलं?”

“तुम्ही त्याच्या भल्यासाठी सांगत होता. भल्यासाठी सांगितलेलं कोण ऐकतं, बाई? मला गाडी हलवायची होती. मी जीव तोडून सांगितलं.”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण दबेना. शेवटी त्या पोट धरून हसल्या. “तुमचं लोणी मात्र कमी करा हं,” त्या थोरलीला म्हणाल्या. “पाय धड आहेत म्हणून काळीज तपासायला नको असं नाही.” थोरलीने मान डोलावली आणि बशीतलं बिस्कीट पदराआड केलं.

चहा संपला तरी डॉक्टरीणबाई उठेनात. कप फिरवत त्या जरा खाली मान घालून म्हणाल्या, “माझा एक पेशंट आहे. छापखानेवाला. सिगरेट सोडत नाही. फोटो दाखवून झाले, रागावून झालं. त्याला... तुमच्याकडे पाठवू का?”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

“पाठवा की,” मावशी म्हणाल्या. “ताई, तुझा उद्या निघायचा बेत होता ना?”

“कोण म्हणालं?” थोरली शाल ओढून खुर्चीत नीट बसली आणि तिने खोकायला सुरुवातही केली.

“अगं, एवढा नको! मरशील!”

“मग तू करून दाखव,” थोरली म्हणाली. मावशींनी घसा खाकरला, आणि डॉक्टरीणबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “नाही, असा नाही. थोडा खालून, छातीतून काढा.”