शनिवारच्या सुया

वेणूबाईंनी कचऱ्याची बादली उचलली, तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्याला बांधलेली चिंधी प्रेमलाला दिसली.

"काय झालं हो?"

"काय न्हाई ताई. काल दुपारी माल निवडताना सुई टोचली. बाटली चेपून फुटल्याली, तिच्यात सुयाच सुया. हातमोज्यातनं आरपार गेली."

प्रेमलाच्या हातातलं रजिस्टर तसंच राहिलं.

"तुमच्या लॅबचं न्हाई, ते मला ठाव हाय," वेणूबाई म्हणाल्या. "त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं काम असणार. माणसं हायत का कोण."

प्रेमलाने रजिस्टर मिटलं. वेणूबाई बादली रिकामी करून जिना उतरून गेल्या.

कसबा पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये प्रेमला तेवीस वर्षं रक्त काढत होती. तान्ह्या बाळाची शीरसुद्धा तिला पहिल्या टोचण्यात सापडे. लॅबचा कचराही तिच्याच ताब्यात होता. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया जाड पांढऱ्या डब्यात. हे सगळं न्यायला वेगळी गाडी यायची. तिला काय काय दिलं त्याची रजिस्टरमध्ये नोंद, खाली प्रेमलाची सही. कागद आणि चहाचे कप तेवढे वेणूबाईंचे. नव्या मुली कामाला लागल्या की ती त्यांना पहिल्याच दिवशी बजावायची, "आपली सुई दुसऱ्याच्या हातात गेली, तर तो अपघात नाही. तो आपला गुन्हा."

शनिवारी पांढरा डबा काठोकाठ भरला होता. नवा मागवायचं तिच्याकडूनच राहून गेलं होतं. वाघोलीला भाचीचा मंगल परिणय साडेबाराचा, आणि अकरा इथेच वाजलेले. ट्रेमध्ये नऊ सुया उरल्या होत्या. तिने त्या थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत घातल्या, झाकण घट्ट लावलं आणि बाटली कागदांच्या खाली सारली. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सुया – पांढरा डबा.' सही केली आणि निघाली. रविवारी सकाळी वेणूबाईंनी बादली नेली होती.

आता सोमवार होता. बाहेर पेशंट बसले होते. प्रेमलाने एकामागून एकाचं रक्त घेतलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना दोनदा टोचावं लागलं. "आज लक्ष नाही वाटतं आपलं," ते म्हणाले. न सांगितलं तर कुणालाच कळणार नव्हतं. वेणूबाईंनी स्वतःच तिला सोडवलं होतं, आणि नेमकं तेच तिच्याने सोसवत नव्हतं. सुई टोचली की औषध तीन दिवसांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, हे तिला पाठ होतं. त्यातला जवळजवळ एक दिवस गेला होता.

अकरा वाजता तिने ॲप्रन काढला.

नदीकाठच्या शेडमध्ये वेणूबाई पुठ्ठे बांधत होत्या. शेजारी त्यांची सून उत्कर्षा प्लास्टिक निवडत होती.

"वेणूबाई, त्या सुया माझ्या होत्या."

"तुमच्या कशा असतील?"

"शनिवारी मीच टाकल्या. बाटलीत घालून."

वेणूबाईंचा हात सुतळीवर थांबला. उत्कर्षा उठून उभी राहिली.

"शिकलेल्या ना तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. गोळ्या सुरू कराव्या लागतील."

"कशाच्या गोळ्या?" वेणूबाईंनी विचारलं.

प्रेमलाने सांगितलं. आधी कावीळ म्हणाली, मग एचआयव्ही. "असेलच असं नाही," ती घाईघाईने म्हणाली, आणि आपण हे कुणाच्या समाधानासाठी बोलतोय, असं तिला वाटलं.

रिक्षात उत्कर्षा दोघींच्या मध्ये बसली.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. "सुई कुठली, काही कळलंय का?"

"न्हाई ओ," वेणूबाई पटकन म्हणाल्या. "कचऱ्यात घावली."

प्रेमलाने त्यांच्याकडे पाहिलं. वेणूबाई जमिनीकडे बघत होत्या.

"मी टाकल्या," प्रेमला म्हणाली. "मी लॅबमध्ये आहे. शनिवारच्या पेशंटची यादी आणलीय."

"किती वर्षं काम करता?"

"तेवीस."

डॉक्टरबाई यादी घेऊन लिहू लागल्या.

संध्याकाळी लॅबचे मालक डॉक्टर अभिनव यांनी रजिस्टर उघडलं. शनिवारची ओळ खोडून खाली खरं काय ते लिहिलेलं होतं, शेजारी नवी सही.

"तुम्हाला गप्प बसता आलं असतं, प्रेमलाताई."

"बसले होते. दोन तास."

पुढे लॅबला नोटीस आली. प्रेमलाला कामावरून काढलं नाही. नव्या मुलींना बजावायचं काम मात्र आता दुसरं कुणी करू लागलं.

अठ्ठावीस दिवस वेणूबाईंना गोळ्यांनी अन्न गोड लागलं नाही. त्यांच्या जागी उत्कर्षा कचरा न्यायला येई, दारातच उभी राही. दर तपासणीला प्रेमला रुग्णालयात जाऊन बसायची. कुणी बोलावलं नव्हतं.

सहा महिन्यांनी रुग्णालयात शेवटचा रिपोर्ट हातात आला. काही निघालं नाही. वेणूबाईंनी कागद चारदा उलटसुलट केला, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला.

"सुटले बाई," त्या म्हणाल्या.

प्रेमलाने हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या," वेणूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्ही सांगितलंत, म्हणून गोळ्या मिळाल्या. ते मी सुनंलाबी सांगते. पर टोचलं त्या राती मी नातवाला जवळ घेऊन निजले हुते, ताई. ते काय माझ्या डोक्यातनं जात न्हाई. आता तुम्ही मला भेटाया नका येत जाऊ."

"बरं," प्रेमला म्हणाली.

दोघींना एकाच बाजूला जायचं होतं. वेणूबाई रस्ता ओलांडून थांब्यावर गेल्या. बस लगेच आली, बरीचशी रिकामीच. वेणूबाई चढल्या, खिडकीपाशी बसल्या. प्रेमला रुग्णालयाच्या फाटकाशीच उभी राहिली आणि बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर रस्ता ओलांडून पुढच्या बसची वाट बघू लागली.